सगळ्यांना सारखी वाटी

छातीठोकपणे सांगते, माझ्या हातून वाढताना कुणाला कमी, कुणाला जास्त असं आजवर झालेलं नाही. शाळा मी लवकर सोडली, पण वाटणी माझ्याइतकी चोख कुणी करून दाखवावी!

आमच्या ओट्यावर औषधांच्या बाटल्यांचं गाव वसलं होतं. ह्यांच्या गुडघ्यांसाठी कॅल्शियम. मुलाला व्यायामशाळेत कुणी सांगेल ते सगळं. सूनबाईची लोहाची गोळी. शिवाय केसांची, डोळ्यांची, ताकदीची! पातेलं ठेवायला जागा नाही, आणि कोण कधी काय गिळतंय याचा पत्ता नाही.

त्यातली खरी गरज सूनबाईला. आमची सून शहराची बस चालवते! बस आमच्या दारावरूनच जाते. पण तिचं रक्त कमी भरलं, चक्कर आली, आणि डेपोनं बजावलं, रक्त वाढेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हापासून बस आली की बिचारी खिडकीशी जाऊन उभी. "आई, ऐका, गिअर कसा खरडतोय तो!" म्हणायची आणि डोळे पुसायची. मला कुणाचं तोंड उतरलेलं बघवत नाही. घरात तोंडं उतरवायचं काम माझं आहे!

मग मी कारभार हातात घेतला. सगळ्या बाटल्या एका मोठ्या डब्यात उपड्या केल्या. झाकणं छान घट्ट बसणारी, म्हणून रिकाम्या बाटल्या गरम पाण्यात घालून, लेबलं खरवडून कामाला घेतल्या. आणि रोज सकाळी प्रत्येकापुढे एक वाटी. प्रत्येक रंगाची एक गोळी. वर कडक चहा!

"अगं, यातल्या निम्म्या माझ्या नाहीत," हे म्हणाले.

"घरात तुझं-माझं चालणार नाही. गिळा!"

आमच्या घरच्या कुत्र्यापुढेही वाटी ठेवली. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. घरात तेवढं एकच शहाणं निघालं.

थोड्याच दिवसांत हे टोमॅटोसारखे लाल व्हायला लागले. कानसुद्धा लाल! शेजारीण कुजबुजली, "काका सकाळीच घेतात का हो?"

"गोळ्या घेतात!"

"हल्ली गोळ्या म्हणतात होय त्याला?"

तिकडे मुलगा ऑफिसातून फोन करायचा, तोही संडासातून. "आई, साहेब बोलत होते आणि मी पळालो!" म्हटलं, पोट साफ होतंय, चांगलंच आहे की. इकडे न्हाणीघरातून हे ओरडायचे, "अगं, पिवळंजर्द! बल्बसारखं!"

"मग दिवा बंद करा, विजेचं बिल वाचेल!"

पण सूनबाईचं रक्त? तपासलं तर तसूभरही वाढलेलं नाही! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही गोळ्या कुंडीत टाकते! दुसऱ्या दिवसापासून मी पहाऱ्याला.

"आ कर. जीभ वर. आता डावीकडे."

"आई, मी ड्रायव्हर आहे, चोर नाही!"

"चोर असतीस तर घरात चार वस्तू तरी आल्या असत्या! हं, घे अजून अर्धा कप चहा. घशाखाली जाऊ दे नीट."

पुन्हा तपासणी. रक्त जिथल्या तिथं! वर डेपोचा निरोप, पुढच्या तपासणीतही असंच निघालं तर तिची बस कायमची दुसऱ्याला. त्या दिवशी ती खिडकीशी गेलीच नाही. मग मात्र माझ्या काळजात चर्र झालं. सगळी वरात घेऊन, डबा काखोटीला मारून, डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. "या गोळ्यांच्या बाटल्या कुठे आहेत?"

"एकीत खिळे, एकीत गुंड्या, बाकीच्यांत बडीशेप."

त्यांनी चिमट्यानं एक गोळी उचलली. "काकू, ही कुत्र्याची आहे. केस चमकायची."

"काहीतरीच! हाडाच्या आकाराची आहे ना? मग हाडांचीच असणार!"

ह्यांनी हळूच टकलावरून हात फिरवला. "तरीच म्हटलं, इथं थोडी लव आलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. एकच जीवनसत्त्व चार-चार गोळ्यांतून पोटात जात होतं, त्यानं कुणाचं अंग लाल, कुणाची धावपळ. "आणि लोहाची गोळी कॅल्शियम आणि चहाबरोबर घेतली तर अंगी कशी लागणार? लोह एकटं घ्यायचं. उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा दोन तासांनी. कॅल्शियम रात्री. बाकीच्या सगळ्या बंद, मला विचारल्याशिवाय काही सुरू करायचं नाही."

म्हणजे तिची जीभ उचलून उचलून मीच तिचं औषध वाया घालवत होते! सूनबाईनं डब्याचं झाकण लावलं. नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं!

"मी मात्र एकही गोळी घेतलेली नाही!" मी ठणकावलं. "मला लागतच नाही काही."

बाईंनी माझी पापणी खाली ओढली. "काकू, तुमचंही रक्त तपासू या."

तपासलं. सुनेपेक्षा कमी!

सूनबाईचं रक्त पुढच्या तपासणीत वाढलं, बस परत मिळाली. आता रोज सकाळी वाटी माझ्यापुढे येते. एक गोळी, लिंबूपाणी, आणि चहाला दोन तास बंदी. दोन तास! पण सून कामावर गेली की घर माझंच. काल गोळी तळहातावर ठेवली, म्हटलं आधी घोटभर चहा, मग गोळीचं बघू. कप घेऊन खिडकीत उभी राहिले. बस आली. आणि थांबा नसताना थांबली! हॉर्न असा वाजवला की गल्ली गोळा झाली.

"आई! कप खाली! गोळी गिळली का? आ करा! जीभ वर!"

सगळी बस माझ्याकडे बघतेय. गोळी गिळली आणि जीभ दाखवली, काय करणार? पुढच्यांनी सगळं ऐकलं होतं. मागच्यांना वाटलं, म्हातारी वेडावतेय. शेवटच्या खिडकीतल्या टाय लावलेल्या गृहस्थानं बस हलता हलता मलाच वेडावून दाखवलं!