रस्त्यात ठेवलेली सासूबाईंची खुर्ची

लेनर्ड ग्रुश्काने सासूबाईंची खुर्ची रस्त्यात ठेवली ती निव्वळ आळसापोटी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याने त्या कृत्याला बरीच थोर कारणं चिकटवून पाहिली, पण मूळ कारण आळसच.

त्याचं असं झालं. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी रात्रभरात पिट्सबर्गवर दीड फूट बर्फ पडला. मंगळवारी सकाळी कॅसिमिर हिलवरच्या लोकांनी रिवाजाप्रमाणे फावडी काढली आणि आपापल्या दारापुढे एका गाडीपुरती जागा मोकळी केली. आता अशी जागा करून माणूस गाडी घेऊन कामाला गेला, तर संध्याकाळपर्यंत ती जागा कुणाची? कायद्याला विचाराल तर ज्याची गाडी आधी येईल त्याची. टेकडीला विचाराल तर ज्याची कंबर मोडली त्याची. कंबर मोडल्याचा पुरावा म्हणून माणूस त्या जागेत घरातली एक खुर्ची ठेवून जातो, आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. समोरच्या घरातल्या मिसेस कुझमांच्या दिराने एकदा लावला होता. त्याला सोळा वर्षं झाली, पण चर्चमधल्या लग्नाच्या जेवणात त्याला अजून दाराजवळच्या, वाऱ्याच्या टेबलावर बसवतात.

या कामाची लेनर्डची खुर्ची ठरलेली होती. हिरव्या पट्ट्यांची, बागेतली, एका पायाने अधू. पण ती होती तळघरात, खुर्चीपुढे ख्रिसमसचं झाड, झाडापुढे शिडी, आणि शिडीपुढे त्याने स्वतः बनवायला घेतलेलं पुस्तकांचं कपाट (हे कपाट तो नऊ वर्षं बनवत होता). दोन तास बर्फ उपसल्यावर तो डोंगर कोण उपसणार? कचेरीला उशीर होत होता. तो स्वयंपाकघरात आला आणि समोर खिडकीपाशी ती पिवळी खुर्ची दिसली.

पिवळ्या रेक्झिनची बैठक, नळीचे चकचकीत पाय. लेनर्डच्या बायकोची, बर्नाडेटची, आई हेलन या खुर्चीत चाळीस वर्षं बसली. तिथेच बसून तिने बटाटे सोलले, पियेरोगी नावाच्या पोलिश करंज्यांच्या कडा दुमडल्या, आणि खिडकीतून सगळ्या गल्लीवर नजर ठेवली. दोन वर्षांपूर्वी ती गेली. बर्नाडेटच्या मोठ्या बहिणीने टेबल, कपाट, चांगल्या बशा सगळं आपल्या गावी ईरीला नेलं. बर्नाडेटने फक्त ही खुर्ची मागितली. तिच्यात कुणी बसत नसे. बर्नाडेटसुद्धा नाही. ती फक्त चहाचं पाणी उकळेपर्यंत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. लेनर्ड हे रोज पाहत होता, आणि तरीही त्याने ती खुर्ची उचलली. बर्नाडेट बहिणीकडे होती, गुरुवारी येणार होती. आठ तासांचा तर प्रश्न, असं त्याने स्वतःला बजावलं.

इथे आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण लेनर्ड ती आपणहून कधी करणार नाही. तो रस्ते कचेरीत कारकून होता. गेल्या नोव्हेंबरात साहेबांनी त्याला बर्फात खुर्च्या ठेवण्याविरुद्ध एक पत्रक लिहायला सांगितलं होतं, आणि त्याने ते फार मन लावून लिहिलं होतं. ‘रस्ता हा सर्वांचा असून’ अशी सुरुवात. चौथ्या कलमाप्रमाणे खुर्ची जप्त. सातव्या कलमाप्रमाणे ती परत हवी असल्यास गोदामात जाऊन दोन पानी फॉर्म भरायचा (फॉर्मही त्याचाच), आणि तीन दिवसांत कुणी न आल्यास खुर्ची भंगारात. साहेब खूश झाले. टेकडीवर मात्र पत्रक घरोघर पोचलं तेव्हा हे कुण्या गाढवाने लिहिलं याची आठवडाभर चर्चा चालली, आणि त्या गाढवाला सगळ्यात मोठ्याने शिव्या लेनर्डनेच घातल्या.

संध्याकाळी तो परत आला तर खुर्ची नव्हती.

जागा मात्र तशीच मोकळी. जागेसाठी खुर्ची हलवणारा माणूस समजू शकतो. तो तिथे गाडी तरी लावेल. खुर्ची नेऊन जागा सोडणारा माणूस टेकडीचा असूच शकत नाही. असलं काम सरकारच करतं.

समोरच्या खिडकीत मिसेस कुझमा होत्या. हेलनची जुनी मैत्रीण, आणि हेलनच्या मागे गल्लीवर नजर ठेवायचं काम त्यांनीच पुढे चालवलं होतं. त्यांनी सांगितलं की दुपारी दोन ते तीन त्यांचा जरा डोळा लागला होता, जे काय झालं ते तेवढ्यात.

“कुठली खुर्ची होती, लेनी? हिरवी?”

“नाही. पिवळी.”

मिसेस कुझमांनी खिडकीतून वाकून रिकाम्या जागेकडे पाहिलं.

“हेलनची?” एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. त्यांचा पडदा ओढलेला लेनर्डने बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. स्वयंपाकघरात खिडकीपाशी फरशीवर चार पायांचे चार फिकट ठसे होते आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलं तरी ते दिसत होते.

बुधवारी सकाळी त्याने पोट बिघडल्याचं कळवून रजा घेतली (ते काही अगदी खोटं नव्हतं) आणि नदीकाठच्या गोदामाची बस धरली. गाडी घराशीच ठेवली, कारण आता जागा राखायला गाडीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. गोदामावर ओटिस नावाचा धिप्पाड, शांत रखवालदार होता. लेनर्ड त्याला फोनवरून ओळखत होता, पण ओटिसने त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि लेनर्डने ती ओळख वाढवायची नाही असं ठरवलं.

आधी खुर्ची बघू का, असं त्याने विचारलं. ओटिस म्हणाला, आधी फॉर्म, मग खुर्ची. नाहीतर लोक दुसऱ्याची चांगली खुर्ची आपली म्हणून नेतात, अशी कचेरीतल्या कुण्या शहाण्याला शंका आहे. शहाण्याने मुकाट्याने पेन घेतलं. नाव, पत्ता, खुर्चीचं वर्णन. मग पाचवा प्रश्न, ‘सदर वस्तू रस्त्यावर ठेवण्यामागील हेतू’, त्यासाठी दीड ओळ जागा. नोव्हेंबरात त्याला ती जागा भरपूर वाटली होती. शेवटी ‘असे पुन्हा करणार नाही’ अशी हमी आणि सही.

“फार छळवादी फॉर्म आहे,” ओटिस म्हणाला. “कालच एक आजी इथेच बसून रडली. कोण बनवतं असले फॉर्म?”

“असेल कुणीतरी,” लेनर्ड म्हणाला.

आत एक्केचाळीस खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. त्यातल्या कितीतरी त्याने ओळखल्या. त्याच्या न्हाव्याची फिरती खुर्ची, शेजारच्या गल्लीतल्या नोवाकांच्या बाळाची उंच खुर्ची. तिच्या ताटलीवर गाजराचा डाग अजून तसाच होता. लेनर्डला मनापासून लाज वाटली. पत्रक लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे ‘वस्तू’ होत्या, नोवाकांचं बाळ नव्हतं. पिवळी खुर्ची मात्र तिथे नव्हती.

मग माझा फॉर्म परत द्या, तो म्हणाला. ओटिसने खेदाने मान हलवली. सही झाली की फॉर्म रस्ते कचेरीत जातो, कलम आठ. लेनर्डला कलम आठ पाठ होतं.

दुपारी तो पायऱ्या चढून टेकडीवर आला. कोपऱ्यावर पूर्वी चांभाराचं दुकान होतं, तिथे हिवाळ्याच्या तोंडाशी टेसा नावाच्या ओरेगॉनकडच्या मुलीने कॉफीचं दुकान काढलं होतं. टेकडीवरची निम्मी मंडळी तिथे जात नसत, कारण ते चांभाराचं दुकान नव्हतं. लेनर्डही मान खाली घालून पुढे निघाला होता, तेवढ्यात दारावरच्या पुठ्ठ्यावर त्याची नजर पडली. ‘पिवळी खुर्ची देणाऱ्या भल्या शेजाऱ्याला एक कॉफी आमच्यातर्फे.’

बुटांचा बर्फ न झाडताच तो आत शिरला. ती खुर्ची आपली आहे, असं त्याने सांगितलं. टेसाचा चेहरा आनंदाने उजळला. तिच्या गावाकडे लोक नको असलेलं सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवतात, लागेल त्याने न्यावं. इथे आल्यापासून कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं, आणि काल दुपारी एवढी सुंदर खुर्ची कुणीतरी अशी देऊन टाकलेली! तिला भरूनच आलं होतं. तिने तिथे दगडाखाली आभाराची चिठ्ठीसुद्धा ठेवली होती (ती आता लेनर्डच्या गाडीखाली असणार).

अशा मुलीला काय सांगणार? गाडीची जागा आणि मोडलेली कंबर यांचा संबंध लेनर्ड जन्मापासून जाणत होता, पण तो कुणाला समजावून सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. शिवाय पत्रक आठवलं. मग तो खोटं बोलला.

“त्याचं काय आहे, खुर्ची द्यायची नव्हती. झटकायला बाहेर काढली होती.”

“रस्त्याच्या मधोमध?”

“तिथे ऊन चांगलं येतं.”

“बर्फात?”

“थोडं थोडं येतं.”

“पुढे सांग ना, लेन,” खिडकीजवळच्या मोठ्या कुंडीमागून आवाज आला. “मलाही ऐकायचंय.”

कुंडीमागे पिवळी खुर्ची होती आणि खुर्चीत बर्नाडेट बसली होती. पायाशी प्रवासाची बॅग, हातात कॉफी. मिसेस कुझमांनी काल पडदा ओढला होता तो ईरीला फोन लावायला. सकाळची पहिली बस पकडून बर्नाडेट निघाली, कोपऱ्यावर उतरली, आणि काचेतून तिला आईची खुर्ची दिसली. लेनर्ड गोदामात हमीपत्रावर सही करत होता त्या सुमारास ती इथे येऊन बसली होती.

लेनर्डने थोर कारणं शोधून पाहिली. एकही हाताला लागलं नाही.

“चुकलं माझं, बर्नी,” तो म्हणाला.

“तळघरात जाणं एवढं अवघड होतं?”

“ख्रिसमसचं झाड आडवं आलं.”

“फेब्रुवारीत,” बर्नाडेट म्हणाली. ती बोटाने खुर्चीची कड चाचपत राहिली. “दोन वर्षांत मी हिच्यात बसले नव्हते. वाटायचं, बसवणार नाही. सकाळी बसभर तुला काय काय ऐकवायचं ते ठरवत आले, आणि इथे येऊन बसले तर निम्मं विसरले. आईसारखंच बाहेर कोण जातंय ते बघत बसले.”

लेनर्डला रडू आलं. टेसालाही आलं, कारण तिला आता कुठे सगळा प्रकार उमगला होता. ती म्हणाली खुर्ची आत्ताच्या आत्ता न्या, आणि ती फुकटची कॉफी तरी घ्या. आपल्या हातातली हीच त्याच्या वाटची धर, असं बर्नाडेटने तिला सांगितलं. लेनर्ड सासूबाईंची खुर्ची डोक्यावर घेऊन भर दुपारी सबंध चढ चढला. त्या दिवशी टेकडीवर एकही पडदा ओढलेला नव्हता.

गुरुवारी त्याचा फॉर्म त्याच्याच टेबलावर आला. वर साहेबांचा शेरा होता, सदर इसमाची चौकशी करून अहवाल द्यावा. नाव त्यांनी नेहमीप्रमाणे वाचलंच नव्हतं. लेनर्डने प्रामाणिकपणे लिहिलं की इसम आळशी आहे, पण धोकादायक नाही. आणि जाता जाता सुचवलं की गोदामातल्या एक्केचाळीस खुर्च्या फॉर्मशिवाय परत कराव्यात. साहेबांनी लगेच मान्य केलं, कारण गोदामात बर्फाची फावडी ठेवायला जागा उरली नव्हती. नोवाकांची उंच खुर्ची लेनर्डने स्वतः नेऊन दिली. पत्रक कुणी लिहिलं हे मात्र त्याने अजूनही सांगितलेलं नाही.

शनिवारी पुन्हा बर्फ पडला. लेनर्डने निमूटपणे जागा उपसली. बर्नाडेटला कोबी आणि पनीर आणायला बाजारात जायचं होतं. तिने गाडी बाहेर काढली तसा तो तळघराकडे वळला.

“नको जाऊस,” ती म्हणाली. “ती हिरवी खुर्ची हाती लागेपर्यंत ईस्टर येईल. तूच उभा राहा तिथे, मी येईपर्यंत.”

तो जाऊन जागेच्या मधोमध उभा राहिला. समोरच्या खिडकीत मिसेस कुझमा होत्याच. तेवढ्यात टेसा बर्फ तुडवत चढावरून आली. गेल्या तीन दिवसांत ती टेकडीचे सगळे रिवाज शिकली होती आणि आता कुठलीही वस्तू विचारल्याशिवाय उचलत नव्हती. तिने लेनर्डकडे पाहिलं आणि गाडीच्या काचेशी वाकून विचारलं,

“हे जागेसाठी ठेवलंय, की न्यायचं आहे?”

“हवं असेल तर ने बाई,” बर्नाडेट म्हणाली.

टेसाने लेनर्डला आपादमस्तक न्याहाळलं. तिने खरंच थोडा विचार केला.

“नको,” ती म्हणाली. “आम्हाला काहीतरी कामाला येईल असं हवंय.”