आवाज गुणवंतरावांचा, बोट दिव्यानीचं

गुणवंतराव गुरनुल्यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांचा आवाज. मोहटोल्याच्या शाळेत ते सत्तावीसचा पाढा म्हणायला लागले की तळ्यापलीकडे धान कापणाऱ्या बायांचाही पाढा पाठ होई. ज्वानीत सहा हिवाळे त्यांनी वडश्याच्या एका नाटक मंडळीत राजाची, सेनापतीची आणि एकदा नट आजारी पडला म्हणून वाघाची कामं केली होती. वाघाच्या वेळी पहिल्या रांगेतली माणसं उठून गेली, असं ते सांगत. का गेली, ते सांगत नसत.

अशा माणसाच्या शाळेत बोलणारी पाटी आली, हेच मुळात चुकलं.

पाटी आली होती दिव्यानीसाठी. ती चौथीत होती. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नसत, आणि जीभ तर मुळीच नाही. डोकं मात्र असं चालायचं, की फळ्यावर गुरुजींचा गुणाकार चुकला की पहिली हसणारी तीच. हसणं, मान हलवणं आणि ‘हं’ एवढ्या भांडवलावर तिने दहा वर्षं काढली होती. आई अन्नपूर्णा तिच्या डोळ्यांवरून सगळं ओळखायची. पण अन्नपूर्णा बांधीत धान कापायला गेली, की ते डोळे वाचणारं दुसरं कोणी नसायचं.

दर गुरुवारी सिंदेवाहीहून स्कुटीवर मोनाली मॅडम येत. अशा मुलांना शिकवण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या त्या शिक्षिका. त्यांनीच खटपट करून ही पाटी मिळवली होती. तिच्यावर सोळा मोठी बटणं आणि प्रत्येक बटणावर एक चित्र. बटण दाबलं की पाटी बोलायची. मोनाली मॅडमनी ती दिव्यानीच्या चाकाच्या खुर्चीवर समोर बांधली आणि म्हणाल्या, “दाब, दिव्यानी.”

दिव्यानीची मूठ हवेत दोन घिरट्या घालून पेल्याच्या चित्रावर पडली.

“मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्याल का?” पाटीतून एक नाजूक बाई बोलली.

खुर्चीपाशी उभ्या अन्नपूर्णानं मागे वळून पाहिलं. “हे कोनती बाई हाय, मॅडम? इथी तर पाव्हनं आलं तरी असं नाई बोलत.”

“हा कंपनीचा आवाज आहे,” मोनाली मॅडम हसल्या. “पुसून आपला भरता येतो. हा लाल खटका दाबून धरायचा, बटण दाबायचं, बोलायचं, झालं. पन आवाज तिच्याच वयाच्या पोरीचा पायजे. पुढच्या गुरुवारी आपण प्रियाले बसवू.”

प्रिया ही दिव्यानीच्या शेजारी बसणारी. तिने लगेच घसा साफ केला.

“आणि सर,” जाताना मॅडम म्हणाल्या, “पाटी सध्या फक्त पाहण्यापुरती आली आहे. पुढच्या शुक्रवारी तालुक्याहून शिक्षण खात्याच्या नैताम मॅडम तपासायला येतील. पोरीले वापरता आली तर इथंच राहील. नाहीतर दुसऱ्या शाळेत जाईल.”

स्कुटीचा धुरळा बसला तसे गुणवंतराव पाटीकडे पाहत राहिले. प्रियाचा आवाज? ती पोरगी प्रार्थना म्हणते तर मांजर गोणीत अडकल्यासारखं वाटतं. आणि इथं सहा हिवाळे रंगभूमी गाजवलेला माणूस बसला आहे!

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत त्यांनी कंपनीची बाई पुसली. दिव्यानीच्या पुढ्यातच पाटी ठेवून, छाती भरून श्वास घेत त्यांनी एकेक बटण भरलं. “मले पानी पायजे.” “मले गूळ पायजे.” “अजून पायजे.” “माह्या जवळ बस.” “मले कंटाळा आला.” “हो.” “नाई.” अशी पंधरा वाक्यं झाली. सोळाव्याला काही सुचलं नाही. दिव्यानी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे पाहत होती. गुणवंतरावांना वाटलं, पोरगी भारावली.

रविवारी सकाळी गुणवंतराव सिंदेवाहीच्या बाजाराला गेले. त्यांची बायको सुगंधाबाई डोक्यावर डबा घेऊन दळणाला निघाली. अन्नपूर्णाच्या कुडाजवळून जाताना तिला ओळखीचा आवाज आला.

“मले गूळ पायजे.”

सुगंधाबाई थांबली. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून गुणवंतरावांचं गोड बंद केलं होतं. घरातला गूळ तिने धान साठवायच्या ढोल्यात पुरून ठेवला होता.

“अजून पायजे,” कुडापलीकडून आवाज आला. आणि मग थोड्या वेळाने, “माह्या जवळ बस.”

सुगंधाबाईनं डबा खाली ठेवला आणि पदर खोचला. आत गेली तर अंगणात अन्नपूर्णा हातात गुळाचा खडा घेऊन उभी, आणि समोर खुर्चीत दिव्यानी.

“कुठी आहेत हे?”

“कोन, बाई?”

“कोन म्हन्जे? आत्ताच गूळ मांगून राह्यले होते.” सुगंधाबाईनं दारामागे पाहिलं. ढोल्यामागे पाहिलं. एवढ्या देहाचा माणूस मावणार नाही हे दिसत असूनही तिने कोंबड्यांच्या खुराड्यात डोकावून पाहिलं. दिव्यानी हे सगळं डोळे मोठे करून पाहत होती. बाई खुराड्यातून डोकं बाहेर काढते न काढते तोच तिने मूठ टाकली.

“मले गूळ पायजे,” गुणवंतराव खुर्चीतून म्हणाले.

सुगंधाबाई मटकन खाली बसली. आधी छातीला हात लावला, मग हसत सुटली. दिव्यानी तर इतकी हसली की खुर्ची हलायला लागली. त्या दिवशी तिला एक गोष्ट समजली. ‘हं’ म्हटल्यावर कोणी वळून पाहत नाही, पण हा आवाज निघाला की मोठी माणसं डबे टाकून पळत येतात.

संध्याकाळी गुणवंतराव घरी आले तेव्हा सुगंधाबाईनं गंमत म्हणून दरडावलं, “गूळ खाल्ला ना आज?”

गुणवंतरावांचा चेहरा पडला. “गूळ नाई,” ते हळूच म्हणाले, “जिलेबी. पन पावभरच होती. तुले कोनं सांगतलं?”

सोमवारी निरोप आला की नैताम मॅडम शुक्रवारी नाही, उद्याच येणार. दुपारी तीन वाजता, मोनाली मॅडमना घेऊन. शाळेचे दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, तेव्हा सगळा कारभार गुणवंतरावांवर आला. मंगळवारी सकाळपासून त्यांनी सत्तावीस पोरांना स्वागतगीताला जुंपलं. दिव्यानीला त्यांनी बाहेर व्हरांड्यात ठेवलं होतं. तिचं काम शेवटी, पाटी दाखवायची तेव्हा. गाण्यात तिला जागा नव्हती. अकरा वेळा गाणं झालं. अकराही वेळा दिव्यानीनं ते भिंतीपलीकडून ऐकलं.

दीड वाजता गुणवंतराव ऑफिसात फाईल शोधत होते. तेवढ्यात आवाज घुमला.

“पोरंहो, शाळा सुटली. सरळ घरी जा.”

गुणवंतराव थबकले. आवाज तर आपलाच. आपण बोललो का? त्यांनी ओठाला हात लावून पाहिला. तोवर वर्गात दप्तरांचा खडखडाट झाला होता. ते चपला न घालता बाहेर धावले. “थांबा रे! कुठी चालले?”

“पोरंहो, शाळा सुटली. सरळ घरी जा,” व्हरांड्यातून तेच म्हणाले.

एकाच गुरुजींचे दोन हुकूम कानावर आल्यावर पोरांनी सोयीचा होता तो पाळला. दोन मिनिटांत मैदानात एक पाण्याची बाटली आणि प्रियाची एक चप्पल उरली.

शनिवारी शाळा सोडताना ते हेच वाक्य बोलले होते, हे गुणवंतरावांना आठवलं. आणि तेव्हा आपल्या शेजारी कोणाची खुर्ची होती, तेही. ते दिव्यानीकडे वळले. दिव्यानी आकाशात बगळे पाहत होती.

सोळा बटणांत ते वाक्य कुठे लपलं आहे हे शोधायला त्यांनी हात पुढे केला, तर फाटकात जीप उभी. साहेब लोकांनी उशिरा यायचं असतं, हा नियम नैताम मॅडमना कोणी सांगितला नव्हता. त्या दीड तास आधीच आल्या होत्या.

“गुरुजी, मुलं कुठे आहेत?”

मोनाली मॅडमही रिकामे वर्ग पाहून चाट पडल्या.

“परिसर अभ्यासाले गेले, मॅडम,” गुणवंतराव म्हणाले. “जंगलात. पानं जमा करून राह्यले.”

“कोणासोबत?”

या प्रश्नाचा विचार त्यांनी केला नव्हता. तो करायच्या आतच मूठ पडली.

“पोरंहो, शाळा सुटली. सरळ घरी जा.”

नैताम मॅडमनी गुणवंतरावांच्या बंद तोंडाकडे पाहिलं.

“मॅडम, आवाज माहाच हाय,” गुणवंतराव घाम पुसत म्हणाले, “पन मी बोललो नाई. म्हन्जे बोललो, पन शनिवारी.”

मोनाली मॅडमनी डोळे मिटून घेतले. पाटी गेली, असं त्यांना वाटलं.

नैताम मॅडम मात्र खुर्चीजवळ गेल्या आणि गुडघ्यावर बसल्या. लाल खटक्याकडे पाहिलं, सोळाव्या बटणाकडे पाहिलं.

“हे तू भरलंस, बाई?”

दिव्यानीनं आधी गुणवंतरावांकडे पाहिलं. मग तिची मूठ हलली.

“हो,” गुणवंतराव भारदस्त स्वरात कबूल झाले.

“आणि शाळा काऊन सोडली?”

मूठ हवेत थरथरली. एकदा चुकली, कडेवर आपटली. कोणी मदत केली नाही. दुसऱ्यांदा बरोबर पडली.

“मले कंटाळा आला.”

मॅडमनी विचारलं, सकाळपासून काय चाललं होतं? गुणवंतरावांनी स्वागतगीताचं सांगितलं. किती वेळा, तेही सांगितलं. दिव्यानी कुठे होती, हे सांगताना मात्र तो तळ्यापलीकडे जाणारा आवाज फाटकापर्यंतही पोचेना.

“एवढी पाटी वापरणारी पोरगी मी दुसरी नाही पाहिली,” नैताम मॅडम उठत म्हणाल्या. “पाटी इथंच राहील. पण गुरुजी, दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा नाटकातला राजा कोणी बसवला?” मग दिव्यानीला विचारलं, “तुले हाच आवाज ठेवायचा का, बाई?”

“नाई,” गुणवंतरावांचा आवाज म्हणाला, आणि सगळ्या शाळेत घुमला.

गुरुवारी प्रियानं पंधरा बटणं भरली. तिला सर्दी झालेली होती, तरी दिव्यानीला तो आवाज पसंत पडला. सोळावं बटण आलं तेव्हा मात्र तिने प्रियाला अडवलं आणि मूठ गुणवंतरावांकडे केली. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. काय भरायचं, हे ‘हो’ आणि ‘नाई’ विचारत विचारत काढायला अर्धा तास लागला. अखेर अन्नपूर्णाला उलगडलं. अंगणात धान वाळत घातलं की राखणीला दिव्यानी बसायची. गावभरच्या बकऱ्या येऊन खायच्या आणि तिला हाकलता येत नव्हतं.

गुणवंतरावांनी छाती भरून श्वास घेतला, लाल खटका दाबला आणि पाच सेकंद “हुर्रर्र, हाट” भरलं.

शनिवारी अन्नपूर्णा मुद्दाम सांगायला आली. “सर, बकऱ्या अशा पराल्या, का तळ्यापावेतो थांबल्याच नाई.”

“सगळ्या?” गुणवंतरावांनी अधीरपणे विचारलं.

“एक बोकड तेवढा उभा राहून आयकत होता.”

गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “कोनाचा हो तो बोकड?”