बोडक्या काठाची पात्रता

जे शाबूत आहे त्याचं भलं करता येत नाही. भलं करायला आधी काहीतरी बिघडलेलं लागतं. डॉक्टरांपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांचा संसार या एकाच तत्त्वावर चालतो, आणि आमच्या नेर तालुक्यात नाल्याकाठचं रान परत आणायची योजना आली तेव्हा तीही याच तत्त्वावर आली.

ती वर्षं कापूस मातीमोल होण्याची होती. कापसाला भाव नव्हता, पण जिल्ह्याला फार भाव आला होता. एकामागून एक पथकं यायची, बांधावर उभं राहून खिन्न चेहऱ्यानं फोटो काढून घ्यायची आणि जाताना एक योजना ठेवून जायची. (पथक जेवून गेलं तर योजना मोठी असे.) शेळ्या आल्या, गांडुळं आली, योगाचे वर्ग आले. त्यातच 'ओढाकाठ स्थानिक वन्यजीव अधिवास पुनःस्थापना प्रोत्साहन योजना' आली.

योजना उत्तम होती, माझं मत आजही तेच आहे. मी तिच्या ग्रामसमितीचा अशासकीय सदस्य होतो, म्हणजे सही आणि चहा. नाल्याला लागून असलेला पट्टा शेतकऱ्यानं पेरायचा सोडून द्यावा, तिथं इथलीच झाडं लावावीत, त्या झाडांत इथलेच पशुपक्षी येऊन राहावेत आणि या समजूतदारपणाबद्दल शेतकऱ्याला अनुदान मिळावं, इतकी ती सरळ होती. अडचण एकच निघाली. परिपत्रक पुण्याकडून आलेलं, त्यात सगळीकडे 'ओढा' लिहिलेलं. आणि आमच्या तालुक्यात ओढा नाही, नाला आहे. वर खुलासा मागवला गेला. खुलासा येईपर्यंत एक पावसाळा त्याच नाल्यातून वाहून गेला. उत्तर आलं : 'ओढा व नाला एकच समजण्यास हरकत नसावी.' त्यातल्या 'नसावी'वर आणखी थोडा विचार झाला.

विचार करणारे होते योजनेचे अधिकारी, नीळकंठ साहेब. यवतमाळच्या नोकरदार घराण्यातले, वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत. माणूस इतका सज्जन की नकार घेऊन निघालेला शेतकरी एस.टी.त बसेपर्यंत आपलं काम झालं असंच समजे.

पहिला अर्ज केला नलूबाईनं. नलूबाई आणि तिचा नवरा देवराव यांची जमीन खडकी नाल्याच्या अलीकडच्या काठाला. तो काठ त्यांनी कधी नांगरलाच नव्हता. करंज, उंबर, जांभूळ, सिंदी, खाली नुसती झुडपांची जाळी. उन्हाळ्यात गावात दुसरीकडे सावली नसे, म्हणून निंदणाच्या बाया तिथंच भाकर खायच्या. काठ का सोडला असं कोणी विचारलं तर नलूबाई म्हणायची, "तिथं बसलं की जीव थंडा होते." हे कारण अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसलं नाही.

साहेब पाहणीला आले. जाळीतून घोरपड निघून त्यांच्या बुटावरून गेली. उंबरावरून खंड्यानं नाल्यात सूर मारला. साहेब हळहळले. म्हणाले, बाई, इथं सगळंच आहे. आम्ही पुनःस्थापना करतो, आणि तुमच्याकडे तर कशाचीच हानी झालेली नाही. तुम्ही अपात्र आहात.

देवरावनं विचारलं, मग पात्र व्हायला काय करावं लागेल? साहेबांनी नियम वाचला आणि मान खाली घालून सांगितलं की काठ बोडका असायला हवा.

देवराव हा तर्कशुद्ध माणूस. नेरच्या बाजारात कापसानं त्याला त्या वर्षी फार हिणवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन काठावर गेला. आधी तोडायचं, मग अनुदान घेऊन तेच लावायचं. हिशेबात चूक नव्हती. नलूबाई मागोमाग गेली आणि उंबराखाली बसून राहिली. भांडली नाही.

"तोडा," ती म्हणाली. "लावाले सरकार पैसे देते. पण वाढाले कोण देते? हा उंबर वाढेपर्यंत तुम्ही राह्यसान का मी?"

देवरावनं मान वर करून उंबर पाहिला. मग कुऱ्हाड आणलीच होती म्हणून त्यानं एक वाळकी फांदी तोडली आणि चुलीसाठी घरी नेली. त्यानंतर त्या घरात पात्रतेचा विषय निघाला नाही.

पलीकडचा काठ घनश्यामचा. घनश्यामनं काही वर्षांमागे, कापूस पांढरं सोनं आहे असं लोक म्हणत होते तेव्हा, पाण्यापर्यंत सगळं साफ करून कपाशी लावली होती. दर पुरात त्याची थोडी जमीन नाल्यात जायची आणि दर वर्षी तो नाल्याला शिव्या घालायचा. त्याचा काठ पाहून साहेबांचे डोळे पाणावले. असा पूर्णपणे पात्र काठ त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. घनश्यामची आदर्श लाभार्थी म्हणून निवड झाली, पंचायतीसमोर नारळ देऊन सत्कार झाला. तो भला माणूस, लाजला. सत्कार संपल्यावर मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं की आपण नेमकं काय चांगलं केलं. मी त्याला नियम समजावून सांगितला.

झाडं इथलीच हवीत, अशी अट. सरकारी रोपवाटिकेत तेव्हा गुलमोहर, निलगिरी आणि शोभेचे पाम होते. (ती झाडं कुठली होती हे रोपवाटिकेलाही नीट सांगता आलं नाही.) शेवटी घनश्याम नाला ओलांडून नलूबाईकडे गेला. "काकू, करंजाच्या शेंगा नेऊ का?" नलूबाईनं शेंगा दिल्या, जांभळाच्या बिया दिल्या, उंबराखाली उगवलेली रोपं काढून दिली आणि वर भाकर खाऊ घातली. योजनेच्या नोंदीत रोपांचा स्रोत 'परिसरातून' असा आहे.

रोपं लागली, भोवती कुंपण लागलं, घनश्यामच्या नावाची पाटी लागली. आता यायचे होते ते स्थानिक वन्यजीव. ते आले, आणि लवकर आले. रानडुकरांचा एक कळप आला आणि त्यानं रोपं, कुंपण व कुंपणामागची घनश्यामचीच तूर या क्रमानं काम आटोपलं. घनश्याम नुकसानभरपाई मागायला गेला. साहेबांनी त्याचं अभिनंदन केलं. डुक्कर स्थानिक, डुक्कर वन्य. पट्ट्यात आहे तोवर तेच योजनेचा खरा लाभार्थी. पट्टा ओलांडून तुरीत शिरलं की मात्र तेच उपद्रवी ठरतं, आणि भरपाईचा तो अर्ज वेगळ्या टेबलावर करायचा. त्या टेबलावरच्या बाबूनं विचारलं की डुक्कर तुरीत आलं तेव्हा ते लाभार्थी होतं का. घनश्याम खरं बोलला, म्हणाला, पट्ट्यातूनच आलं होतं. अर्ज फेटाळला गेला.

तेवढ्यात जिल्ह्याहून मूल्यमापन समिती येणार असं कळलं. घनश्यामच्या पट्ट्यात गुडघ्याएवढी रोपं आणि डुकरांनी उकरलेले खड्डे. साहेबांनी त्याच्या काठावर मांडव घातला, खुर्च्या टाकल्या आणि समितीच्या हातात दुर्बिणी दिल्या. दुर्बिणीतून समोरचा काठ फार सुंदर दिसला. मोर दिसला, मुंगूस दिसलं, सुगरणीची घरटी दिसली. 'लाभार्थी श्री. घनश्याम यांच्या पट्ट्यावरून विपुल वन्यजीव आढळले' असं समितीनं नोंदवलं. यातला एक शब्दही खोटा नाही. समिती चहा पिऊन परतली. पलीकडे नलूबाई निंदण करत होती. तिचीही नोंद होता होता राहिली.

पुढचं सगळं क्रमानंच झालं. नोंदलेले वन्यजीव योजनेचे, योजना घनश्यामची, पण राहायला नलूबाईकडे. लेखापरीक्षणात हे निघालं तेव्हा नलूबाईला नोटीस गेली : योजनेचे वन्यजीव आपल्या हद्दीत विनापरवाना वास्तव्यास असून ते मूळ पट्ट्यात परत पाठविण्याची व्यवस्था करावी.

नवराबायको एस.टी.नं नेरला गेली. मीही समितीतर्फे सोबत होतो. जमिनीवर काही लफडं येईल अशी भीती देवरावला वाटत होती, आणि ती भीती चुकीची नव्हती. त्या वर्षांत कागद घरी आला की माणसं दाराआडून बघायची. कचेरीत नलूबाई खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच बोलली.

"साहेब, मी कोनाची घोरपड बांधून नाई ठेवली. मी बोलावत नाई अन् हाकलतही नाई. त्यायले जिथं बरं वाटते तिथं ते राह्यते. तुम्हीच या अन् समजावून सांगा त्यायले."

साहेब खरोखर आले. मी आधीच सांगितलं, सज्जन माणूस. करंजाखाली बसून त्यांनी डबा खाल्ला, थोडा डोळा लागला, आणि जागे झाले ते तोडगा घेऊनच. जनावरं पट्ट्यात येत नसतील तर पट्ट्याची पाटी जनावरांकडे नेता येईल. घनश्यामच्या नावाची लोखंडी पाटी नलूबाईच्या काठावर उभी राहिली. नोटीस मागे घेतली गेली. देवरावचा जीव भांड्यात पडला.

फक्त रस्त्यावरून पाटी दिसत नव्हती, म्हणून समोरचे करंज तोडावे लागले.

ते तोडले त्या दिवशी नलूबाई लांबच्या वावरात कापूस वेचायला गेली आणि अंधार पडेपर्यंत परतली नाही. देवराव काठावर उभा होता. मजूर त्याला विचारत होते, लाकूड नेऊ का. घनश्याम आला, तोही उभा राहिला. संध्याकाळी साहेब लगबगीनं नलूबाईच्या घरी गेले, कारण त्यांना आनंदाची बातमी सांगायची होती. पाटीपुढची जागा आता बोडकी झाली होती. तेवढ्या जागेपुरती नलूबाई पात्र ठरली होती. नलूबाईनं सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या साहेब. पावसाची वाट पाहू."

पाऊस आला. करंजाच्या खुंटांना धुमारे फुटले आणि पुढच्या पोळ्यापर्यंत पाटी पानांत गडप झाली. नलूबाई पुन्हा अपात्र झाली. घनश्यामनंही पट्ट्याकडे बघणं सोडून दिलं, आणि डुकरांच्या खड्ड्यांत पाणी साचून काहीबाही उगवू लागलं. ते लावलेलं नसल्यामुळे मोजता आलं नाही. योजना यशस्वी म्हणून बंद झाली.

आता तिचा दुसरा टप्पा शहरांसाठी येतो आहे असं ऐकतो. अटी मी मुद्दाम मागवून वाचल्या. काठावर एकही झाड नसावं. पशुपक्षी नसावेत, निदान अर्जदाराला त्यांची नावं माहीत नसावीत. नाला शक्यतो दिसूच नये. तुम्ही म्हणाल, आमच्या घराजवळ कुठला आलाय नाला? आहे. प्लॉट दाखवताना दलाल म्हणाला होता ना, इथं पावसाळ्यात जरा पाणी येतं, भर टाकली की काही होत नाही? त्यावर भर टाकून तुम्ही फरशी बसवली आणि गाडी लावता, तोच.

अर्ज जरूर करा. तुमच्याइतका पात्र माणूस आमच्या सबंध तालुक्यात सापडला नव्हता.