सामंतकाकांचं इंग्रजी बिल

इंग्रजी वाचवायला निघालेला माणूस लंडनच्या हाउन्सलोमध्ये एकच असावा, आणि तो आमच्या शेजारी राहतो. इंग्रजीला कायद्यानं अधिकृत भाषा करायचं बिल संसदेत आलंय, असं कळल्यापासून सामंतकाका खासदाराला द्यायच्या अर्जावर सह्या गोळा करत हिंडतात. समजावतात मात्र मराठीत. समोरचा पंजाबी असला तरी.

“वेल्श भाषेला कायदा आहे, इंग्रजीला काय आहे?” माझ्या दारात आडवे उभे राहून ते म्हणाले. “इन शॉर्ट, सही कर.”

केली. नाहीतर माझी बस चुकली असती.

हे इंग्रजीप्रेम कुठून उपटलं, ते काकूंनीच मला हसत सांगितलं. विमानतळावर बॅगा चढवण्यात काकांचं आयुष्य गेलं आणि काकूंच्या वतीनं इंग्रजी बोलण्यात उरलेला वेळ. डॉक्टरपुढे काकू पाच मिनिटं बोलायच्या. कंबर, झोप, माहेर, सगळं. काका सांगायचे, “इन शॉर्ट, शी इज फाइन.”

मग हॉस्पिटलनं दुभाष्या दिला. नागपूरचा निनाद, गोड बोलणारा आणि काकूंचं वाक्य मध्येच न तोडणारा. नवऱ्यानं बाहेर बसायचं. आतून हसण्याचा आवाज आला की काका उठून येरझारा घालत. घरी काकू निनादचं कौतुक करत आणि काकांना जेवण जात नसे. इंग्रजी अधिकृत झाली की दुभाषे बंद, असा त्यांचा सरळ डाव होता.

खरं सांगायचं तर मला काकूंचा हेवा वाटायचा. माझ्यापायी संसदेकडून कायदा मागेल असा नवरा मला मिळालेला नाही.

परवा काका अर्जाशिवाय आले आणि सोफ्याच्या कडेला टेकले. डॉक्टरनं त्यांना आत बोलावलं होतं. काकूंच्या छातीत दोन वर्षं कळा येताहेत, ऑपरेशन करावं लागेल. काकूंनी ते निनादला सांगितलं, निनादनं डॉक्टरला आणि डॉक्टरनं काकांना.

“माझ्या बायकोचं दुखणं मला इंग्रजीत कळलं,” काका म्हणाले.

मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं. काकू पोळ्या लाटत होत्या. काकांनी तिकडे बोट दाखवलं.

“तू जाऊन विचारशील का तिला? मला का नाही सांगितलं म्हणून,” ते म्हणाले. “माझं तोंडच उघडत नाही तिच्यापुढे.”