गुणवंतराव शीव ओलांडतात

गुणवंतराव भोयर कधी चालत नसत. नागपुरात जरीपटक्याच्या खोलीपासून सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कचेरीपर्यंत ते रोज पळत येत, जेवणाचा डबा दुपट्ट्यात गुंडाळून पाठीशी बांधलेला. साहेबांनी फाइल मागितली तरी पळत. वय अठ्ठेचाळीस, पाय काटक्या, उजवा गुडघा कुरकुरणारा. कुठल्याही गावाचं नाव काढा, "काही दूर नाही गा!" हे ठरलेलं. काटोल काही दूर नाही, त्यांचं जन्मगाव कुही तर नाहीच नाही. एका साहेबांची बदली मुंबईला झाली, तेव्हा निरोपाच्या भाषणातही त्यांनी हेच सांगितलं. साहेब रडायचे थांबले.

दसरा जवळ आला की त्यांच्या अंगात यायचं. दसऱ्याला गाड्या भरभरून माणसं नागपुरात उतरतात आणि हा गृहस्थ उलट्या गाडीत बसून पार कोल्हापूरच्या पलीकडे जायचा. तिथल्या एका गावात त्या दिवशी सीमोल्लंघनाची शर्यत असे. शिवेबाहेरच्या टेकडीपर्यंत पळायचं, आपट्याची पानं, म्हणजे आपलं दसऱ्याचं सोनं, घ्यायचं आणि सूर्य बुडायच्या आत गावात परतून शेवटची रेघ ओलांडायची. आदल्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला, पोचेपर्यंत अंधार पडला. तेव्हापासून माणूस धुमसत होता.

"एवढ्या लांब कशाला?" मी विचारलं. "नागपुरात रस्ते नाहीत का?"

"तू चाल ना गा एकडाव. यंदा टायमात पोचलो नाही तं पळणं बंद."

'बंद' म्हणताना त्यांचा चेहरा असा उतरला की मी मुकाट्यानं रजेचा अर्ज टाकला. बक्षिसाच्या कपाचा नाद असेल, असं मला वाटलं.

दोन आगगाड्या आणि एक एस.टी. प्रवासभर ते गुडघ्याला तिळाचं तेल चोळत होते आणि डब्यातल्या प्रत्येकाला शर्यतीचे नियम समजावत होते. मनमाडला चढलेल्या एका जाडजूड व्यापाऱ्याला तर त्यांनी भाग घ्यायला जवळजवळ राजी केलं होतं.

दसऱ्याला दुपार कलल्यावर शिटी वाजली आणि पंधरा-वीस पोरं सुसाट सुटली. मागे गुणवंतराव. मी वेशीपाशी एका दगडावर चढून उभा राहिलो. तासाभरानं कमरेला पानं खोचलेली पहिली पोरं परत आली. पाच, सहा, सात... आणि नववे आमचे गुणवंतराव! नववे हो! मी टोपीच उडवली. सूर्य अजून देवळाच्या कळसावर हातभर होता.

आणि हा माणूस थांबला. ओट्यावर एक म्हातारबुवा बसले होते. त्यांना सोनं दिलं, वाकून नमस्कार केला, पुन्हा पळाले. दहा पावलांवर एक आजीबाई. पुन्हा सोनं, पुन्हा नमस्कार. गुडघ्याचा 'कट्' मला ऐकू आला. बातमी पसरली असावी, कारण दारादारांतून म्हातारी माणसं बाहेर येऊन बसायला लागली.

"गुणवंतराव, पळा!" मी ओरडत त्यांच्या बाजूनं धावू लागलो. मी, जो बस सुटली तरी धावलो नव्हतो.

"म्हाताऱ्या माणसाले सोनं न देता कसं जाचं गा? दसरा आहे!"

मागची पोरं पुढे गेली. सूर्य कळसाला टेकला, कळसाखाली गेला. मी घशाला कोरड पडेस्तोवर ओरडत होतो. शेवटची शंभर पावलं तर ते एका पायावरच आले म्हणा ना. सूर्याची लाल कड तेवढी उरली होती, तेव्हा त्यांनी रेघ ओलांडली. मी रस्त्यात नाचलो.

पंचांनी हात पुढे केला. "सोनं?"

गुणवंतरावांनी कमरेला चाचपलं. एक पान उरलं नव्हतं.

"पान नाही तर नंबर नाही," पंच म्हणाले.

"नंबर नका देऊ जी. पण मले तिकडं जाऊ द्या."

रेघेपलीकडे गावातल्या बाया दिवा लावलेली तबकं घेऊन उभ्या होत्या. शीव ओलांडून आलेल्या प्रत्येकाला त्या ओवाळत होत्या आणि सूर्य बुडाला की आपापल्या घरी जाणार होत्या. पंच नियम सांगू लागले. तेवढ्यात एक नऊवारीतली बाई कडाडली, "शीव वलांडून आलाय न्हवं त्यो? मग पान कशाला इचारतासा?"

तिनं कुंकू लावलं, ओवाळलं, हातावर साखर ठेवली. गुणवंतराव डोळे मिटून उभे होते. या माणसाला इतका वेळ स्थिर उभा मी कधी पाहिला नव्हता. गालांवरून पाणी वाहत होतं.

"माय गेल्यापासून," ते मला हळूच म्हणाले, "दसऱ्याले घरी आलो का दाराले कुलूप राह्यते गा."

कपाचा नाद म्हणून मनात हसलो होतो, त्याची मला मनापासून लाज वाटली. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "पुढच्या दसऱ्याला आमच्याकडे या. आमची आई ओवाळेल." ते खिडकीबाहेर बघत बसले. वर्धा मागे पडलं, नागपूर जवळ आलं, तेव्हा त्यांनी विचारलं,

"तुह्या घरी दिवा किती वाजेपावतर ठेवतेत गा?"

"तुम्ही येईपर्यंत," मी म्हणालो.