डेटमरांच्या पंख्याचा रविवार

रविवारी सकाळी न्याहारीचं अंडं फोडायला आन्सगार डेटमरने चमचा उचलला आणि आतल्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर घरघरला. आधी घसा खाकरल्यासारखा, मग सरळ कोणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावा तसा.

"काय झालं त्याला?" त्याची बायको मारायके ब्रेडला लोणी लावता लावता म्हणाली.

"काही नाही. ग्राफिक्स कार्डाचा पंखा असेल."

"मग तू का पांढरा पडलास?"

पांढरा पडायला कारण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या समितीपुढे त्याला नव्या पोहण्याच्या तलावाची चित्रफीत दाखवायची होती. तलाव अजून बांधायचा होता, पण आन्सगारच्या कॉम्प्युटरमध्ये तो केव्हाच बांधून झाला होता. पाणी निळं चमकत होतं आणि काचेतून ऊन आत येत होतं. नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढल्यापासूनचं हे पहिलं मोठं काम. चित्रफीत कालपासून मशीनमध्ये एकेक चित्र तयार होत शिजत होती आणि आजची रात्र धरून शिजली तरच वेळेत तयार होणार होती. मशीन बंद ठेवलं तर काम गेलं, आणि चालू ठेवलं तर हा आवाज. तोही रविवारी!

जर्मनीत रविवारी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज करायचा नाही, असा नियमच असतो. कासेलमधल्या त्या घरात तर रविवारी चोरी केली असती तर एक वेळ खपलं असतं, आवाज खपत नव्हता. खालच्या मजल्यावर ओबरडीकबाई राहत. शाळेच्या ग्रंथालयातून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण 'शांतता पाळा' ही पाटी बहुधा घरी घेऊन आल्या होत्या. उन्हाळ्यात एका रविवारी आन्सगार रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन जिना उतरत होता, तर बाई दारात हजर.

"डेटमर, रविवारी काचेच्या कुंडीत बाटल्या टाकत नाहीत."

"टाकत नाहीये बाई, नुसत्या गाडीत ठेवतोय. टाकीन उद्या."

"पण वाजतायत."

तेव्हापासून आन्सगार प्रत्येक बाटली मोज्यात घालून नेत असे.

अंडं तसंच टाकून तो आत धावला. पंख्याचा वेग कमीजास्त करायची सोय कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती. त्याने वेग तीसवर आणला. पंखा ढिम्म. शंभरवर नेला. तरी त्याची आपली तीच घरघर.

"काही सांग, ऐकतच नाही," आन्सगार म्हणाला.

"तुझ्यावर गेलाय," मारायके म्हणाली.

नवा पंखा आणावा तर रविवारी शहरातलं एकही दुकान उघडं नव्हतं. व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढावी तर तो रविवारी सुरू करण्यापेक्षा पंख्याची घरघर परवडली. शेवटी सभ्य माणसाने अशा वेळी जे करायचं ते आन्सगारने केलं. त्याने एक कोरा कागद घेतला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'प्रिय शेजाऱ्यांनो, माझ्या कॉम्प्युटरचा पंखा बिघडला आहे. आज संध्याकाळी पाचपर्यंत घरात आवाज येईल. दुरुस्ती चालू आहे. क्षमस्व. डेटमर.'

"अरे, असा कागद घरात पार्टी असली की लावतात," मारायके म्हणाली.

"आवाज तो आवाज. आणि आपण आधीच कबूल केलं की कोणी तक्रार करत नाही."

खाली प्रवेशद्वारापाशी त्याने तो कागद पट्टी धरून अगदी सरळ चिकटवला आणि हलक्या मनाने वर आला.

चित्रफीत थांबवायची नाही म्हणून त्याने चालू मशीनवरच उपचार आरंभले. कॉम्प्युटरची एका बाजूची पत्र्याची झाकणी काढली. मारायकेचा गालांना रंग लावायचा ब्रश तिला न विचारता घेतला आणि धूळ झाडली. पेटीखाली जाड पुठ्ठे सरकवले. मग कान लावून ऐकलं. घरघर होतीच, आणि तिच्यात आता खालच्या पट्टीतला एक 'ड्रर्र' मिसळला होता.

"आधी हा नव्हता," आन्सगार कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "हे बेअरिंग. बेअरिंग गेलं की असाच घुमतो."

त्याने पेटीचे सगळे स्क्रू आवळले. 'ड्रर्र' थांबला. आन्सगारचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच 'ठक ठक ठक' सुरू झालं.

"वायर पात्याला लागतेय!"

त्याने सगळ्या वायरी गोळा करून दोरीने करकचून बांधल्या. ठकठक थांबली आणि दमदार 'घोंऽऽ' असा आवाज सुरू झाला. जमीनसुद्धा किंचित थरथरली.

मारायके दारात येऊन उभी राहिली. "आन्सगार, हा आवाज फिरतोय."

"फिरणारच. पंखा आहे तो."

"तसं नाही. आत्ता इथे होता, आता न्हाणीघराखाली गेला."

"पाइपातून जातो गं. अशा जुन्या घरांत कंपन कुठल्या कुठे पोचतं." त्याला स्वतःलाच हे अगदी पटलं. आपण घरभर आवाज पसरवतोय!

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. वरच्या मजल्यावरचे लॅटिनचे शिक्षक क्लूट आले होते. त्यांच्या केसांवर पांढरी भुकटी होती, पण घाबरलेल्या आन्सगारचं तिकडे लक्ष नव्हतं.

"माफ करा, क्लूट, मी सगळे प्रयत्न करतोय..."

"छे छे, घाई अजिबात करू नका," क्लूट मायेने म्हणाले. "यंत्र आहे, चालायचंच. पाचपर्यंत म्हणालात ना? नक्की पाच?"

"त्याच्या आधी नक्की थांबवतो."

"आधी?" क्लूटचा चेहरा पडला. "आधी कशाला? निवांत होऊ द्या हो."

ते गेले तोच ओबरडीकबाई आल्या. बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, चेहरा लालबुंद, आणि हातात आलुबुखाराच्या केकची ताटली.

"बाई, मला फार लाज वाटतेय..."

"वाटू दे, पण केक खा. दमला असाल." बाई आत डोकावल्या. "एवढ्यात सुधारेल असं वाटत नाही ना?"

"लक्षण दिसत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि तरण्या मुलीसारख्या भराभरा जिना उतरल्या.

आन्सगारला भरून आलं. "बघ मारायके, आपण या लोकांना उगाच वाईट समजत होतो. साधी माणसं आहेत गं ही! आता काहीही होवो, मी हा आवाज बंद करणार."

चालू मशीनवर आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने छातीवर दगड ठेवून चित्रफीत थांबवली, कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतला प्लग उपसला आणि कार्ड हळूच बाहेर काढलं. पंख्याच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी चकतीचा कोपरा सुटून पात्याला घासत होता. आणि पंख्याला हुकूम पोचवणारी वायर तिच्या खोबणीतून अर्धी निसटली होती; नाताळात साफसफाई करताना ती आपणच नीट बसवली नव्हती, हेही त्याला आठवलं. एवढंच! त्याने चकती सोलून काढली, वायर 'टक्' होईपर्यंत दाबली आणि कार्ड तळहातावर घेऊन विजयी मुद्रेने मारायकेपुढे धरलं.

"झालं! आता ऐक, कशी शांतता आहे."

'घोंऽऽ' जमिनीखालून आवाज आला. 'ड्रर्र' वरून उत्तर आलं.

दोघं तळहातावरच्या कार्डाकडे बघत राहिली. पंखा गप्प होता. मारायके गुडघ्यांवर बसली, तिने जमिनीला कान लावला आणि खुदखुदायला लागली.

"व्हॅक्यूम क्लीनर! ओबरडीकबाईंचा व्हॅक्यूम क्लीनर! आणि क्लूट वर ड्रिल चालवतायत! सगळं घर तुझ्या नावावर वाजतंय, आन्सगार!"

आन्सगारला हसू येईना. त्याने मुकाट्याने कार्ड जागेवर बसवलं, मशीन सुरू केलं. पंखा आता वाऱ्याची झुळूक यावी इतक्या हळू चालत होता आणि तलावाचं पाणी पुन्हा शिजायला लागलं होतं. मग तो खाली निघाला.

"कुठे चाललास?"

"कागद काढायला. आता तो खरा नाही."

दाराजवळ त्याने कागदाचा एक कोपरा सोडवला असेल नसेल, तोच मागून दोन दारं उघडली.

"काय करताय?" ओबरडीकबाई जिन्यातून ओरडल्या. हातात व्हॅक्यूमची नळी तशीच होती.

"दुरुस्त झाला पंखा."

"काय सांगता!" वरून क्लूट धावत आले. "माझं अर्धं कपाट भिंतीवर आहे, डेटमर! वर्षभर जमिनीवर पडलं होतं. शाळेतून येईपर्यंत रोज संध्याकाळ होते, मग ठोकायचं कधी माणसाने?"

"पण आज रविवार आहे," आन्सगार चाचरत म्हणाला. "बाई, तुम्हीच मला बाटल्या..."

"बाटल्यांचा कागद लावला होता का तुम्ही?" बाईंनी त्याला धारेवर धरलं. "नाही ना? याचा लावलाय. त्यात काय लिहिलंय? पाचपर्यंत आवाज येईल. या घरात लिहिलेलं पाळतात."

आन्सगारने कोपरा पुन्हा चिकटवला. वर येऊन पाहतो तर मारायकेने आपलाही व्हॅक्यूम बाहेर काढला होता आणि ती सोफ्याखाली शिरली होती.

बरोबर पाच वाजता सगळं घर एकदम गप्प झालं. आन्सगार खुर्चीत टेकला. मशीन बारीक गुणगुणत होतं, पडद्यावर एकेक चित्र तयार होत होतं, सकाळपर्यंत तलाव नक्की भरणार होता. त्याने केकचा पहिला घास घेतला आणि घंटी वाजली.

दारात ओबरडीकबाई. बाह्या खाली, केस विंचरलेले.

"डेटमर, पाच वाजून गेले. तुमच्याकडून काहीतरी गुणगुणतंय."

"बाई, तो पंखा आहे! दुरुस्त झालेला! दिवसभरात एवढाच माझा खरा आवाज!"

"पण येतोय. आणि कागदावर पाच लिहिलंय."

आन्सगारच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन बंद केलं तर तलाव बुडाला. तो विनवायला तोंड उघडणार, तोच मागून मारायकेचा आवाज आला, अगदी साळसूद.

"बरं झालं बाई तुम्ही आलात. मी याला तेच विचारत होते. तो कागद आत्ताच फाडून टाकायचा, की पुढच्या रविवारी पुन्हा लावायचा?"

बाईंनी क्षणभर वर पाहिलं. वरून क्लूटच्या दाराची कडी हलकेच वाजली. ते कान देऊन उभे असावेत. मग बाईंनी मान तिरकी करून आन्सगारच्या खोलीच्या दिशेने नीट ऐकलं. मशीन तसंच गुणगुणत होतं.

"मला तर काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि वळल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"माझे पडदे शिवायचे राहिलेत, डेटमर. या वेळी सहापर्यंत लिहा."