बाइंडरबाईंचा ग्रीक होकार

“ग्रीसमध्ये पाय ठेवीन ना, त्या दिवशी तिथलं मांजरसुद्धा मला ओळखीचं वाटलं पाहिजे!” बाइंडरबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं.

“मांजराला तू वाटशील का पण?” नवऱ्याने विचारलं आणि भाताचा डोंगर फोडला.

बाइंडरबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. बावीस वर्षं त्या एका मोठ्या लायब्ररीत फाटक्या पुस्तकांना पाठ, पोट आणि पुठ्ठा बसवून देत होत्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ग्रीसमधल्या एका संस्थेत जुन्या हस्तलिखितांची दुरुस्ती शिकायला अर्ज केला. त्यांनी शिवलेल्या पुस्तकांचे नमुने पसंत पडले. आता शनिवारी पाच वाजता लॅपटॉपवर मुलाखत, तीही ग्रीकमध्ये! तिथल्या भाषेत चार माणसांसारखं बोलता येतं का, ते बघणार होते. जागा एकच.

बाईंनी तयारीचा नुसता धुरळा उडवला. ओट्यासमोर ग्रीसचा नकाशा लावला. कांदा चिरताना बेटांची नावं पाठ होऊ लागली आणि डोळ्यांतून पाणी नेमकं कशाने येतंय ते कळेनासं झालं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ग्रीक नावाची चिठ्ठी चिकटली. टेबल झालं ‘त्रापेझी’, खुर्ची झाली ‘कारेक्ला’. कपाटाचं नाव ‘डुलापा’ निघालं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बरोबर आहे. आपलं डुलतंच.” लेकीने तर वडिलांच्या पाठीवरही ‘आंद्रास’, म्हणजे पुरुष, अशी चिठ्ठी डकवली आणि ते तसेच कारखान्यात जाऊन आले. दिवसभर कोणी शंका काढली नाही, एवढंच समाधान!

अवघड शब्द बाईंनी असे लोळवले, पण दोन चिमुकल्या शब्दांपाशी गाडी घसरायची. ग्रीकमध्ये ‘हो’ला म्हणतात ‘ने’ आणि ‘नाही’ला म्हणतात ‘ओही’. कानाला सगळं उलटंच! ‘ने’ म्हटलं की नकार वाटायचा, ‘ओही’ म्हटलं की हो म्हटल्यासारखं वाटायचं.

म्हणून शनिवारी सकाळी बाईंनी पण केला. “आज पाच वाजेपर्यंत हो आणि नाही फक्त ग्रीकमध्ये! मराठीतलं तोंडातून गेलं तर मुलाखत देणार नाही!”

“बरं,” नवरा चपला घालत म्हणाला. “गॅलरीतलं जुनं कपाट न्यायला दुपारी सामानवाला येईल. फुकट नेतोय, उपकारच आहेत. दार उघडं ठेवशील ना?”

“ने!” बाई कडाडल्या.

दुपारी नवरा कारखान्यात, लेक कॉलेजात, सासूबाई हॉलला लागून असलेल्या खोलीत पलंगावर घोरत होत्या. बाई आतल्या खोलीत एका जाड शब्दकोशाची पाठ बसवत होत्या. खळ नुकती लावलेली, त्यामुळे पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलेलं. सोडलं की पाठ तिरकी! तेवढ्यात बाहेर पावलं वाजली.

“बाई, सामान न्यायला आलोय! गॅलरीतलं कपाट का?”

“ने!” बाई आतूनच ओरडल्या.

सामानवाला दोन हमाल घेऊन आला होता. कपाट खाली टेंपोत गेलं. तो परत वर आला आणि भल्या माणसासारखा विचारता झाला, “बाकीचं इथंच राहू द्यायचं ना? हे टेबल वगैरे?”

“ने!”

सामानवाला थबकला. “टेबल?”

“ने, ने!”

“आणि खुर्च्या? त्या तरी ठेवायच्या असतील?”

“ने!”

बाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. एका मागोमाग एक हो-नाहीचे प्रश्न विचारणारा माणूस देवानेच सरावाला धाडला होता! आणि एकही उत्तर चुकत नव्हतं! बाहेर सामानवाला हमालांना सांगत होता, “बाई जरा तुसड्या दिसतात. सरळ अरे-तुरेवर येतात. पण मन बघ केवढं मोठं!”

“सोफा राहू दे ना, बाई?”

“ने!”

मग त्याला कोपऱ्यातली आरामखुर्ची दिसली. एवढी चांगली वस्तू उचलायची त्यालाही चोरी झाली. “बाई, ही पण नेऊ की काय?”

‘काय चौकस माणूस आहे!’ असं मनात म्हणत बाई ठणकावून म्हणाल्या, “ओही!”

“हो, ही!” सामानवाल्याने हमालाला खूण केली. “उचल!”

टेंपो शिगोशीग भरून निघून गेला. सामानवाला आणि एक हमाल मागे राहिले, कारण एक वस्तू अजून उरली होती. सामानवाल्याने आवाज खाली आणला. “बाई, आजी झोपल्यात. हा पलंग तरी राहू दे ना?”

“ने!” बाई प्रेमाने म्हणाल्या.

पलंगाचं एक टोक वर उचललं गेलं आणि सासूबाईंना जाग आली. डोळे उघडले, तर डोक्याशी एक अनोळखी, पायाशी दुसरा अनोळखी!

“अगं बाई! आली का वेळ माझी?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“उतरा आजी, न्यायला सांगितलंय सूनबाईंनी.”

“मला?”

“तुम्हाला नाही हो, पलंगाला!”

यावर सासूबाईंच्या अंगात असं काही बळ आलं की विचारू नका. त्यांनी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली आणि किंकाळी फोडली. “उतरणार नाही! बघते कोण नेतं ते!”

शब्दकोशाची पाठ तिरकी ती तिरकी टाकून बाई धावत हॉलमध्ये आल्या. त्यांचाच आवाज त्यांना परत ऐकू आला, इतका हॉल रिकामा! भिंतीवर घड्याळ आणि फरशीवर सोफ्याच्या पायांचे चार गोल डाग, बस्स.

“माझं घर कुठे गेलं?”

“तुम्हीच तर म्हणालात, ने! ने!”

बाईंनी कपाळावर हात मारला. कपाळाला खळ लागली. सामानवाल्याने सगळं ऐकून कान धरले, टेंपोवाल्याला फोनवर फोन लावले. फोन बंद! “गाडी शेजारच्या गावाला पोचली असेल, बाई. उद्या सकाळी काडीन् काडी परत आणतो.”

घड्याळात साडेचार वाजले होते. लेक कॉलेजातून आली, दारात उभी राहिली आणि बाहेरची पाटी परत वाचून आत आली. सगळं कळल्यावर हसत हसत फरशीवर बसली, कारण दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

“हसतेस काय? लॅपटॉप कुठे ठेवू? मी कुठे बसू?”

“आजीच्या पलंगावर! आजी, तू जरा—”

“मी उतरणार नाही!” सासूबाई म्हणाल्या.

पाच वाजता मुलाखत सुरू झाली ती अशी: उपड्या बादलीवर लॅपटॉप, पलंगाच्या कडेवर इस्त्रीच्या साडीतल्या बाइंडरबाई, कपाळावर वाळलेली खळ आणि मागे मांडी घालून सासूबाई. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, चष्म्याला साखळी लावलेल्या ग्रीक मास्तरीणबाई.

“तुमच्या घराचं वर्णन करा,” त्या ग्रीकमध्ये म्हणाल्या.

हाच प्रश्न बाईंनी घोटून घोटून पाठ केला होता. माझ्या घरात एक टेबल आहे, चार खुर्च्या आहेत. त्यांनी तोंड उघडलं. उघड्या दारातून मागचा भकास हॉल दिसत होता. खोटं कसं बोलणार?

“माझ्या घरात टेबल नाही,” बाई म्हणाल्या. “खुर्च्या नाहीत. सोफा नाही.” आणि त्यांना खरंच हुंदका आला.

“अरे देवा! चोरी झाली?”

“ओही!”

“मागे बसल्यात त्या कोण? तुमच्या घरातल्याच ना?”

“ने!”

“परत ने?” सासूबाई कडाडल्या आणि त्यांनी पलंगाला मिठी मारली. “आता कोण आलंय?”

मग बाईंचा बांध फुटला. आमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे घेऊन जा, इथून सुरुवात करून त्यांनी सगळी दुपार ग्रीकमध्ये सांगितली. व्याकरण लंगडत होतं, क्रियापदं भलतीकडे पडत होती, पण शब्द धो धो येत होते. अडलं तिथे हातवारे केले, हमाल झाल्या, पलंग उचलून दाखवला. मास्तरीणबाईंचा चष्मा नाकावरून पडून साखळीला लोंबू लागला. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाक मारून बोलावलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, “परत सांगा. पहिल्यापासून!”

दुसऱ्यांदा तर बाईंनी जास्तच रंगवून सांगितलं.

“असा दिवस ज्यांना आमच्या भाषेत सांगता येतो,” मास्तरीणबाई शेवटी म्हणाल्या, “त्यांचं इथे काही अडणार नाही. जागा तुमची!”

लेकीने आईला उचलायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी पहिल्यांदा पलंग सोडला आणि सुनेच्या गालावरून हात फिरवला. नवरा घरी आला तो रिकाम्या हॉलमध्ये तिघींचा नाच बघून परत उंबऱ्याबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी टेंपो आला, चिठ्ठ्यांसकट सगळं सामान जागच्या जागी लागलं.

लायब्ररीत तर दिवाळीच! मुख्य ग्रंथपालांनी तासभर निरोपाचं भाषण केलं, तिथल्या दोघीजणींना रडू फुटलं, सगळ्यांनी मिळून एक बैल मावेल एवढी बॅग भेट दिली आणि फाटकापर्यंत पोचवायला आले. बाइंडरबाईंनी मागे वळून पदर हलवला, अगदी आगबोट सुटल्यासारखा.

त्या संध्याकाळी लेकीने प्रवेशाच्या पत्राचं दुसरं पान वाचलं. “आई, इथे लिहिलंय, पहिले तीन महिने वर्ग ऑनलाइन. घरूनच.”

तेव्हापासून बाई बाजारात मागच्या गल्लीने जातात, डोक्यावरून पदर ओढून. परवा तरीही भेंडी निवडताना मागून ग्रंथपालांचा आवाज आला. “अहो बाइंडरबाई! तुम्ही ग्रीसला ना?”

बाईंनी हातातली भेंडी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “भाजी तिथे जरा महाग आहे हो!”